आबाचा पहिला वाटा

“काय दिसता?” सगुण आबाने विचारले.

“पाणी,” मी म्हणालो.

“पाणी माझ्या आंधळ्या आजयेकव दिसायचा. पाण्यात काय दिसता ता सांग.”

मला काहीच दिसत नव्हते. पण काही दिसत नाही असे कबूल करणे माझ्या स्वभावात नाही, म्हणून मी समुद्रातल्या खडपाच्या, म्हणजे खडकाच्या, पलीकडे एक देवमासा श्वास घ्यायला वर आलाय असे सांगून टाकले. आबाने मानसुद्धा वळवली नाही.

“तेका सांग, आज आमची रापण असा. उद्या ये म्हणान.”

आम्ही दोघे सातेरीवाडीच्या टेंबावर बसलो होतो. टेंब म्हणजे समुद्रात नाक खुपसून उभी असलेली एक उघडीबोडकी टेकडी. खाली वाळूत होडी, होडीत घडीवर घडी रचलेले रापणीचे जाळे, आणि होडीभोवती सगळी वाडी. पुरुष, बायका, टोपल्या, कुत्री. सगळ्यांची तोंडे वर, आमच्याकडे.

रापण ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. जाळ्याचा एक दोर किनाऱ्यावर ठेवून होडी निघते, समुद्रात अर्धे रिंगण घालत जाळे सोडते आणि दुसरा दोर घेऊन किनाऱ्याला लागते. मग निम्मी वाडी एका दोराला, निम्मी दुसऱ्या दोराला लागून जाळे ओढते. जाळे एकाचे नसते, वाडीचे असते. दोराला हात लावला त्याला वाटा. ज्यांच्या हातात बळ उरलेले नाही त्यांनाही वाटा. आणि सगळ्यांच्या आधी, ओंजळभर का होईना, पहिला वाटा ज्याने मासळी पाहिली त्याचा. तो केळीच्या पानावर त्याच्यासमोर ठेवल्याशिवाय दुसरा वाटा पडत नसे. माझ्या जन्माआधीपासून तो वाटा सगुण आबाचा होता.

आबा पाहायचा आणि मी ओरडायचो. आबाचा आवाज म्हातारपणी दोन माडांच्या पलीकडे जात नसे. माझा घसा मात्र असा होता की मी टेंबावरून हाक मारली तर बंदरावरच्या हॉटेलात कपातल्या चहावर तरंग उठायचे. तुम्ही यातले अर्धे धरा, तरी पुष्कळ होईल. ओरडण्यापलीकडे माझी गावात कीर्ती होती ती थापांची. दिगू मेथर बोलायला लागला की लोक आधी बसून घेत. मला एकदा रावसाने पाठीवर घेऊन बंदरापर्यंत सोडले होते, ही हकिकत तर लोक पाहुण्यांना मुद्दाम ऐकवायला लावत.

त्या सकाळी मात्र खाली कोणी हसत नव्हते. दसरा होऊन गेला तरी बांगडा आला नव्हता. रापण टाकावी आणि चार लहान मासे, दोन खेकडे, शेवाळ घेऊन घरी जावे, असे चालले होते. कारण सगळ्यांना ठाऊक होते. बंदरावरचे ट्रॉलर लोखंडी फळ्या बांधलेले जाळे समुद्राच्या तळावरून फरफटत नेत. कमी पाण्यात त्यांनी यायचे नाही असा कायदा होता. शिवाय सरकारी साहेबांसमोर, देवीच्या देवळात नारळ ठेवून, पांढऱ्या खडपाच्या आत ट्रॉलर आणणार नाही असे त्यांच्या मालकांनी कबूल केले होते. साहेबांनी नारळ फोडला, खोबरे सगळ्यांनी खाल्ले. त्यानंतर ट्रॉलर दिवसा खडपाच्या बाहेर राहू लागले. रात्री खडप दिसत नाही.

आदल्या संध्याकाळी रापणीच्या वाटेकऱ्यांची बैठक झाली होती. उल्हास टिकम उभा राहिला. तरणा, तोंडाने तिखट, पण मनाचा वाईट नव्हे. त्याच्या घरात नुकतेच बाळ झाले होते.

“बंदरावरचो शेठ आपणा सगळ्यांका ट्रॉलरवर खलाशी म्हणान घेवक तयार असा,” तो म्हणाला. “जाळाव इकत घेता. अजून किती दिवस टेंबाकडे बघत ऱ्हवाचा?”

कोणी त्याला चोरांच्या होडीत बसणारा म्हणाले, कोणी त्याचीच बाजू घेतली. बराच कालवा झाला. शेवटी आबा बोलला, “एक ओढ बघूया. मी सांगान तेव्हाच टाकायची. माझ्या शब्दार टाकलेली ओढ रिकामी इली, तर मोडा रापण. मी आड येवचंय नाय.”

तर आता कळले ना, सगळी वाडी तोंड वर करून का उभी होती.

ऊन टेंबाच्या पाठीमागून वर आले आणि पाणी उजळले. तेव्हा आबा उठून उभा राहिला. हात कपाळावर धरला. मीही उठलो. खडपाच्या पुष्कळ आत, पाण्यावर एक मोठा काळसर डाग पडला होता. बांगड्याचा थवा वर आला की पाणी असेच काळवंडते. डागाच्या अंगावर मधूनमधून चांदीची लकेर हलत होती. वर पांढरे कुरव, ते मासेखाऊ समुद्रपक्षी, जमले होते.

मी ओंजळ तोंडाशी धरली. “आबा, सांगू?”

“थांब.”

आबा बघत राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. उन्हाने असेल.

“कुरव बसले कित्याक?” तो पुटपुटला.

खरेच, कुरव पाण्यावर बसले होते. बदकांसारखे, डुलत. एरवी थव्यावर ते आरडाओरडा करून बुड्या मारतात.

“पोट भरला असतला,” आबाने स्वतःच उत्तर दिले. आणि आणखी थोडा वेळ पाहून माझ्या दंडाला धरले. “सांग. बांगडो असा. सांग तेंका.”

मी असा ओरडलो की घशात रक्ताची चव आली. यातले अर्धे करू नका, हे पुरते खरे आहे.

होडी सुटली. मी टेंबावरून उड्या मारत खाली आलो. आबा काठी टेकत मागून निघाला. त्याला उतरायला वेळ लागायचा. मी खाली पोचलो तोवर दुसरा दोर किनाऱ्याला लागला होता. मी उल्हासच्या मागे दोर धरला.

पहिल्याच हिसक्याला कळले की जाळे जड आहे.

तुम्हाला सांगतो, जड जाळ्याचा दोर हातात आला की माणूस उपाशी राहत नाही. बायका टोपल्या टाकून दोराला लागल्या. उल्हासच्या बायकोने बाळ सासूकडे दिले आणि ती नवऱ्याच्या मागे येऊन उभी राहिली. 

“दिग्या,” उल्हास मान न वळवता म्हणाला, “तुझो रावस आसात जाळ्यात. बंदरार जावक सवारी सोदता.”

“तुझ्या शेठाक आणूक पाठवतंय तेका,” मी म्हणालो. “ट्रॉलराचा तेल वाचात.”

सगळी रांग हसली. उल्हाससुद्धा हसला आणि म्हणाला, “आबान वाचवल्यान रे. म्हाताऱ्याची नजर म्हणजे नजर.” त्याच्या आवाजात शरम होती आणि आनंद होता. मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

जाळे उथळ पाण्यात आले तेव्हा आधी वास आला. डिझेलचा आणि चिखलाचा, आणि त्याखाली आणखी एक. पुढच्यांनी दोर सोडला नाही, पण त्यांचे हात हळू झाले. शेवटचे जाळे वाळूवर आले आणि उघडले.

चिखल होता. काळा, तळाचा चिखल. त्यात फुटलेले खेकडे, चेपलेले तारामासे, तुटलेले शेवाळ. आणि त्या सगळ्यांत मिसळलेली टोपल्याच्या टोपल्या बोटाएवढी मासळी, सगळी मेलेली, पोटे फुगलेली, डोळे बाहेर आलेले. रात्री कोणी ट्रॉलरने खडपाच्या आत येऊन तळ खरवडला होता, मोठे मासे ठेवून घेतले होते आणि बारीक सारे फावड्याने परत समुद्रात लोटले होते. डाग काळा होता तो चिखलाने. चमक होती ती पालथ्या पडलेल्या पोटांची. आणि कुरव बसून खात होते, कारण मेलेल्या मासळीसाठी बुडी कशाला मारायची.

उल्हासच्या बायकोने बाळ परत घेतले.

“आबाचे डोळे गेले,” उल्हास म्हणाला. रागाने नाही. जणू कोणाच्या मरणाची बातमी सांगावी तसा. “सपला. शब्दार टाकलेली ओढ होती.”

तेव्हा माझे तोंड सुटले. मी विचार केला नव्हता, थाप मला विचारून कधीच येत नाही.

“आबाच्या शब्दार खय होती?” मी म्हणालो. “आबा थांब म्हणा होतो. मीच आरडलंय.”

सगळे माझ्याकडे वळले.

“कुरव बसलेले बघून आबा म्हणालो, थांब. माझा डोक्या फिरला. इतक्या दिवसांनी काळा पाणी बघलंय, ऱ्हवाक नाय. आबा माझो दंड धरून ओढता आणि मी आरडतंय. ह्यो बघा दंड, वळ असतलो.” वळ नव्हता, पण मी दंड दाखवला, आणि दोघांनी तर वाकून पाहिला. “तेव्हा ही ओढ आबाची नाय. ही धरू नका.”

आधी शिव्या आल्या. मेल्या, भोंग्या, वाडी बुडवलंस. मी मान खाली घालून सगळ्या घेतल्या. आणि घेता घेता मला दिसू लागले की त्यांचे चेहरे हलके होत आहेत. ओढ आबाची नव्हती म्हणजे आबाची ओढ अजून बाकी होती. रापण अजून मोडायची नव्हती. गावातला सगळ्यांत मोठा थापाड्या बोलत होता आणि सगळी वाडी त्याच्यावर विश्वास ठेवत होती. ठेवायचा होता त्यांना.

उल्हास माझ्यासमोर आला. मग त्याने वाकून त्या घाणीतून ओंजळभर मासळी उचलली, केळीच्या पानावर घातली आणि पान माझ्या पायाशी ठेवले.

“मगे घे,” तो म्हणाला. “ज्येणी बघल्यान तेचो पयलो वाटो. उद्या आबाच्या शब्दार टाकूया.”

कोणीतरी हसले. हळूहळू सगळेच हसले. मीही.

“ह्यो वाटो कोणाचो?”

आबा आला होता. धापा टाकत होता, काठीवर दोन्ही हात ठेवून. त्याने जाळ्याकडे पाहिले आणि मग माझ्या पायाशी ठेवलेल्या पानाकडे.

“दिग्याचो,” उल्हास म्हणाला. “तेणी सगळा सांगल्यान आबा. तुमी थांब म्हणत होतात.”

“म्हणा होतंय,” आबा म्हणाला.

मी सुटलो असे मला वाटले.

आबाने काठी वाळूत रोवली आणि तो खाली बसला, पानासमोर. त्यातला एक मासा त्याने उचलला, अंगठ्याने त्यावरचा चिखल पुसला. पुसल्यावर पाठीवरच्या निळसर रेघा दिसल्या. मी तोवर नीट बघितलेच नव्हते. त्याने दुसरा पुसला. तिसरा पुसला. मग त्याने पान दोन्ही हातांनी ओढून स्वतःच्या पुढ्यात घेतले.

“दिगू खोटा सांगता,” तो म्हणाला. “थांब म्हणालंय, मगे सांग म्हणालंय. शब्द माझो. ओढ माझी. वाटो माझो.”

“आबा,” मी म्हणालो.

“गप ऱ्हव. आणि उल्हास, माझे डोळे गेले म्हणतस? ये, बघ. बांगडो असा. मी बांगडो म्हणालंय, बांगडोच इलो. फुडल्या वर्साचो, तेच्या फुडल्या वर्साचो. सगळो इलो.”

उल्हास वाकला नाही. तो तिथूनच पाहत उभा राहिला.

“वाटे घाला,” आबा म्हणाला.

“कसले वाटे, आबा? ह्या कुत्रीव खावची नाय.”

“रापणीत इला ता वाटल्याशिवाय टाकूचा नसता. माझो पडलो. आता तुमचे घाला. मगे रापण मोडा.”

वाटे घातले. मी पुष्कळ मयते पाहिली, पण त्या वाळूवर वाटे पडताना होती तशी शांतता कुठल्याच मयताला नव्हती. प्रत्येक घराच्या नावाने ढीग पडला. विधवांचे, म्हाताऱ्यांचे. ज्याचे नाव पुकारले त्याने पुढे येऊन आपल्या ढिगापाशी उभे राहायचे. सगळे उभे राहिले. आबाने आपले पान धोतराच्या ओच्यात बांधले आणि तो घरी गेला. बाकीचे ढीग दुपारच्या भरतीने नेले.

भरती ओसरल्यावर मी त्याच्याकडे गेलो. आबाची बायको जनाकाकी चुलीपुढे होती. आबा पडवीत बसून पेजेबरोबर ते मासे खात होता, डोक्याकाट्यांसकट. काकीने मलाही वाढले. चिखलाची चव होती.

“कित्याक आबा?” मी विचारले. “सगळ्यांनी मानलेला. अजून एक ओढ गावली असती.”

“थाप बरी होती तुझी,” तो म्हणाला. “दंडाचा तर फारच बरा.”

“मग?”

त्याने पेजेचा एक घोट घेतला. “कुरव बसले तेव्हाच माका कळाक होया होता. कळला असतला पण. काय सांगू, बांगडो दिसलो रे. कितक्या दिवसांनी दिसलो.” मग म्हणाला, “तुझी थाप चलली असती, तर उद्या परत टाकली असती. मगे परवा. पोरां उपाशी, आणि तेंचे बापूस माझ्या तोंडाकडे बघत वाळूत बसलेले. रापण आता माझ्या डोळ्यात उरली होती, दर्यात नाय. तेंका कोणीतरी सोडूक होया होता.”

काकीने चुलीकडे तोंड फिरवले.

“तू कधी जातलंस? ट्रॉलरवर,” आबाने विचारले.

“मी जावचंय नाय,” मी म्हणालो.

“जातलंस. पोरां असत तुझी. जा, माझो राग नाय.” त्याने पानातला शेवटचा मासा माझ्याकडे सरकवला. “एक कर माझ्यासाठी. बारीक म्हावरा परत टाकतत ना, तेतूर काय जित्ता असता. थोडा असता, पण असता. ता पयला टाक. हातान. फावड्यान नको.”

मी हो म्हणालो.

जाळे गेले. दोर गेले. होडी काही दिवस वाळूत होती, मग तीही गेली. उल्हास आणि मी एकाच ट्रॉलरवर लागलो.

पहिल्या दिवशी पहिली ओढ आली आणि जाळे डेकवर रिकामे झाले. माझ्या कमरेपर्यंत ढीग होता. मोठी कोळंबी आणि पापलेट वेचून टोपल्यांत गेले. उरले ते सगळे बारीक. तांडेल, म्हणजे बोटीवरचा म्होरक्या, म्हणाला, “लोटा.” खलाशांनी फावडी घेतली. मी गुडघ्यांवर बसून ढिगात दोन्ही हात घातले.

“काय शोधतोस रे?” तांडेलाने विचारले. तो आमच्याकडचा नव्हता, वरच्या बंदराकडचा.

“अंगठी,” मी म्हणालो. “बायलेची. सोन्याची. करंगळीत घातली होती, निसटली.”

उल्हासने माझ्याकडे पाहिले. माझ्या बायकोला सोन्याचा मणी माहीत नव्हता, आणि ते त्याला माहीत होते. त्याने फावडे टाकले आणि माझ्याशेजारी बसला. “होय,” तो तांडेलाला म्हणाला, “सासऱ्यान दिलेली अंगठी. मोठी असा.”

सोन्याचे नाव ऐकून सगळे खलाशी बसले. तांडेलसुद्धा बसला. मूठमूठ मासळी चाळून, बोटांनी पसरून, बघून, मग कडेवरून खाली सोडायची. एवढ्या हळुवारपणे कोणी घरच्या तांदळातले खडे निवडले नसतील. मी मान खाली घालून जिवंत शोधत होतो. पुष्कळ वेळ काही लागले नाही. मग एक हलला. बोटाएवढा बांगडा, तोंड उघडत, मिटत. मी तो पाण्याजवळ नेऊन सोडला. तो आडवा पडला, मग सरळ झाला. शेपटी हलली. मी उल्हासला हाक मारणार तोच तो पुन्हा आडवा झाला आणि आडवाच राहिला. एक कुरव उतरला आणि त्याच्याशेजारी बसला.

ढीग संपला. अंगठी सापडली नाही. तांडेलाने मला दोन शब्द सहानुभूतीचे सांगितले आणि जाळे पुन्हा सोडले.

दुपारी दुसरी ओढ आली. ढीग तेवढाच होता. तांडेलाने फावडे माझ्यापुढे धरले. मी उल्हासकडे पाहिले, तो समुद्राकडे पाहत होता. दुसरी अंगठी मी कुठून आणणार. मी फावडे घेतले.